वाघजाईचा तांबडा पटका

केरबाचा डोळा गेला त्याला ह्या शिमग्याला वर्ष झालं. पण त्या वर्षभरात धामणदऱ्यातल्या एका तरी माणसानं त्यापायी मान खाली घातली असेल तर शपथ! राहीबाईचा जीव जळायचा तो ह्यानं. छर्रा सुटला की सुटला, त्याला आपला-परका कळत नाही, एवढं तिलाही कळत होतं. पण ज्याच्या बंदुकीतनं सुटला त्याला कळायला हवं का नको? तीन बंदुका होत्या. तिन्ही उडाल्या. आणि तिन्ही बंदूकवाल्यांनी हात झटकले. "कुणाचा छर्रा ते वाघजाईलाच ठावं," असं म्हणून त्यांतल्याच लालासाहेबांनी तिच्या घरी एक नारळ आणि साखरेचा पुडा धाडला. साखरेचा पुडा! घरातल्या माणसाचा डोळा गेला आणि ह्यांनी तोंड गोड करायला साखर धाडली. राहीबाईनं तो पुडा उभ्या उभ्या मुंग्यांच्या वारुळावर उपडा केला.

केरबा तिचा धाकटा दीर. ती लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि तो सात. सासू लवकर गेली. त्या पोराचं नाक पुसण्यापासनं त्याला शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. पुढं तो पलटणीत गेला, पासष्टच्या लढाईत तोफांच्या माऱ्यात उभा राहिला, आणि अंगावर ओरखडा न उठता पेन्शन घेऊन घरी आला. घरी आल्यावर पहिल्याच शिमग्याला गावच्या छऱ्यानं त्याचा उजवा डोळा नेला. आता बोला!

धामणदरा म्हणजे शिराळ्याच्या वरच्या अंगाला डोंगराला चिकटलेलं चाळीस उंबऱ्यांचं गाव. खाली ओढ्याकाठाला लालासाहेबांचा ऊस, वर वाघजाईचं देऊळ, आणि देवळामागं करवंदीच्या जाळ्यांनी गच्च भरलेल्या दोन घळी. शिमगा झाला की तिसऱ्या दिवशी वाघजाईची पारध निघायची, म्हणजे सगळ्या गावानं मिळून करायची शिकार. तिचा मान राहीबाईच्या सासरच्या घराण्याला. मान म्हणजे काय, तर देवीच्या पेटीतला तांबडा पटका डोक्याला बांधायचा आणि सगळ्यांच्या पुढं घळीत उतरायचं.

तिच्या सासऱ्याच्या वेळेला ह्या पटक्याला काही अर्थ होता. तेव्हा पारध डुकराची असायची. गावात बंदूक नव्हती. काठ्या, भाले आणि कुत्री. मानकरी घळीच्या तोंडाशी उभा राहायचा आणि हाकारे झुडपं झोडपत वरनं खाली यायचे. त्या धुरळ्यात, त्या कालव्यात मानकऱ्याचं तांबडं डोकं लांबनं दिसायचं. "तांबडं दिसलं की हात आवरायचा," असं म्हातारा पोरांना सांगायचा. सबंध हयातीत त्याच्या पारधीत माणसाला काटा मोडला नाही.

मग लालासाहेबांनी दुनळी बंदूक आणली. परवाना काढला तो उसात डुकरं येतात म्हणून. डुकरांनी ऊस आडवा केला तरी बंदूक आपली खुंटीवर. सांगलीचा पाहुणा आला की बंदूक खाली. पाहुण्यांना डुकरामागं पळायचं नव्हतं. ती पोटं घेऊन पळणार तरी कसं! त्यांना हवा होता रानकोंबडा. रस्सा झकास होतो म्हणे. झालं, पारधीची तऱ्हाच पालटली. आता मानकऱ्यानं पटका बांधून करवंदीच्या जाळीत दडून बसायचं आणि रानकोंबड्याची साद घालायची. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून खरा कोंबडा तणतणत पुढं यायचा. समोरच्या बांधाआड बंदुका रोखून बसलेली मंडळी तो दिसला की बार टाकायची.

आता रानकोंबडा जाळीत दिसतो कसा? अंग करडं, पाचोळ्यात मिसळून जातं. दिसतो तो त्याचा तुरा. तांबडाभडक. आणि जाळीत बसलेल्या मानकऱ्याचं काय दिसतं? पटका. तोही तांबडाभडक. वर तोच कोंबड्यासारखा ओरडतोय! ज्या तांबड्याकडं बघून हात आवरायचा, त्याच तांबड्याकडं बघून चाप ओढायचा, अशी ही नवी पारध. आणि ह्याला म्हणायचं मान! गेल्या साली तो केरबाला मिळाला होता.

हे गावात कुणाच्या ध्यानात आलं नाही. आधी राहीबाईच्याही आलं नव्हतं. कराडच्या दवाखान्यात ती केरबाच्या उशाशी सोळा दिवस बसली. डॉक्टरांनी डोळा काढून टाकला आणि ती त्याला घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परसात भांडी घासत होती. कुडाच्या पलीकडं घरचाच कोंबडा दाणे टिपत होता, आणि काटक्यांच्या फटीतनं त्याचा नुसता तुरा तेवढा हलताना दिसत होता. राहीबाईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "आगं बया!" ती एवढंच म्हणाली आणि राखेच्या हातांनीच कपाळ बडवून घेतलं.

तिनं हे चार जणांना सांगितलं. आणि गावानं काय करावं? देवळातल्या चार म्हाताऱ्यांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणे, राहीबाई तेव्हा बाहेरची, विटाळशी होती. तिनं पटक्याला हात लावला, म्हणून वाघजाई कोपली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते ह्याला. ज्या बाईनं त्या पोराला भरवून मोठं केलं, त्याच्या डोळ्याचं पाप तिच्याच पदरात! पाणवठ्यावर बाया तिला बघून कुजबुजायच्या. राहीबाई घागर भरायची आणि कुणाशी न बोलता निघायची, पण आतल्या आत तिचा नुसता तवा तापलेला असायचा.

आणि आता, एकाहत्तर सालच्या शिमग्याला, पारधीच्या आदल्या दिवशी देवळातनं सांगावा आला: केरबाला डोळा नाही, तर यंदा पटका जोतिबाला.

जोतिबा म्हणजे राहीबाईचा नवरा. स्वभावानं गाय. कुणाला नाही म्हणायचं त्याला माहीत नव्हतं. आणि नेमकी कोंबड्याची साद सगळ्या मुलखात त्याच्याइतकी कुणाला जमत नव्हती. तळवे तोंडाशी धरून असा काही गळा काढायचा, मांड्यांवर पंजे आपटून पंखांची अशी फडफड करायचा, की घरच्या कोंबड्या खुराड्यात बावरायच्या.

"तुमी न्हाई म्हणा," राहीबाई म्हणाली.

"न्हाई कसं म्हणू? बापाचा मान हाय."

"तुमच्या बापानं डुकराची पारध केली. कोंबडं हून जाळीत बसला न्हवता त्यो!"

"गावात त्वांड काय दावू मग?"

"डोळं शाबूत राहिलं तर त्वांड दावशीला न्हवं?"

जोतिबा विडीचं थोटूक कुरवाळत बसला. हा माणूस उद्या जाळीत जाऊन बसणार, हे राहीबाईला स्वच्छ दिसलं. ह्याच्या सादेवर तर खरे कोंबडे फसतात, मग सांगलीचे पाहुणे कुठं फसायचे राहतात! तिनं पदर खोचला आणि तरातरा लालासाहेबांच्या घराची वाट धरली.

लालासाहेब सोप्यावर बसले होते. शेजारी सांगलीच्या वखारीतले त्यांच्या ओळखीचे चिंतामणराव, जाड भिंगांचा चष्मा लावलेले. लालासाहेबांचा मुलगा नानासो खाली बसून बंदुकीच्या नळीतनं चिंधी फिरवत होता. हा सांगलीला कॉलेजात होता, सुट्टीला आला होता.

"या राहीबाई. काय काम काढलं?"

"मान काढून घ्या म्हणायला आले न्हाई, लालासाब," राहीबाई उभ्यानंच म्हणाली. "पटका देवीम्होरं बांधू दे. घळीत उतरताना तेवढा काढू दे. आन बंदुकवाल्यांनी कोंबडा सबंध दिसल्याबिगर बार टाकू ने. एवढंच."

लालासाहेब पाहुण्याकडं बघून हसले. "ऐकलं का? आता बायामाणसं शिकवणार आमाला बंदूक कशी धरायची ते."

"अहो बाई, अपघात व्हायचे ते होतात," चिंतामणराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "मोटारीचेसुद्धा होतात. म्हणून लोकांनी मोटारी सोडल्या का?"

"मोटारीम्होरं तुमी कुणाला नटवून बसवता का?"

चिंतामणराव चष्मा पुसायला लागले. नानासोच्या हातातली चिंधी थांबली. लालासाहेबांचं हसू मात्र गेलं.

"हे बघ. पंधरा वर्सं बंदूक चालवतोय म्या. नीट बघितल्याबिगर कवाच बार टाकला न्हाई, आन टाकणार न्हाई. मानकऱ्याला देवी राखती. आन गेल्या साली का राखलं न्हाई, ते साऱ्या गावाला ठावं हाय. पटक्याला कोण शिवलं हुतं ते आमच्या तोंडनं वदवू नगंस."

राहीबाईच्या कानशिलांतनं जाळ निघाला. ह्याच माणसाच्या बायकोच्या दोन बाळंतपणांत ती रात्रंदिवस राबली होती, तेव्हा हिचा हात चालला होता!

"शिवले न्हवते मी," ती म्हणाली. "आन शिवले असते तरी वाघजाई बी बाईच हाय. तिला काय नवल वाटलं असतं?"

लालासाहेबांनी तोंड फिरवलं. राहीबाई आली तशी परत फिरली. "नीट बघितल्याबिगर बार टाकला न्हाई" हे वाक्य मात्र तिनं गाठीला बांधून नेलं.

दिवस कलला तसं घरी तिघं चुलीपाशी बसली. राहीबाईनं सगळं सांगितलं. जोतिबा खाली बघत होता. केरबा एका डोळ्यानं जाळाकडं बघत होता. तो आजवर ह्या विषयावर कधी तोंड उघडत नसे. आपल्या डोळ्याचं बोलणं म्हणजे रडगाणं, असं त्याला वाटायचं. पण आता तो बोलला.

"वैनी, लढाईत आमी एक करायचो. काठीवर लोखंडी टोप ठेवायचा आन खंदकातनं वर धरायचा. पलीकडचा उतावळा असला की टोपावर गोळी घालायचा. मग कळायचं त्यो कुठं हाय आन कसा हाय."

राहीबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग जोतिबाकडं बघितलं. जोतिबाला उमगायला जरा वेळ लागला आणि उमगलं तसा तो दचकला.

"देवीचा पटका? काठीवर?"

"तुमच्या डोस्क्यापरास काठी बरी," राहीबाई म्हणाली.

"पाप लागंल गं!"

"कसलं पाप? देवीम्होरं तुमी पटका बांधायचा, नारळ फोडायचा, घळीत उतरायचं. साद बी तुमीच घालायची. फकस्त जाळीत काठीवर पटका आन दहा हातांवर खडकाच्या आड तुमी. लालासाब म्हणतोय, नीट बघितल्याबिगर बार टाकत न्हाई. खरं बोलला असंल तर पटक्याला काय हुतंय? जसाच्या तसा पेटीत जाईल. मी सवता जाऊन त्याच्या पाया पडंन. सगळ्या गावादेखत."

केरबानं मोठ्या भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दादा, माझा एक गेलाय. घरात आता पाच उरल्यात. तेवढं राहू दे."

जोतिबाच्या डोळ्यांना टचकन पाणी आलं. "बरं," तो म्हणाला.

पहाटे देवळापुढं पटका बांधून झाला, नारळ फुटला, वाघजाईच्या नावानं चांगभलं झालं. पारधीला बायामाणसांनी जायचं नाही असा रिवाज. राहीबाई खांद्यावर दोर आणि हातात विळा घेऊन वरच्या पायवाटेनं घळीत उतरली. कुणी विचारलं असतं तर लाकडं तोडायला निघाले म्हणून सांगितलं असतं. पण विचारतो कोण? बाई लाकडाला निघाली की ती कुणाला दिसतच नाही.

खडकामागं जोतिबा आधीच येऊन बसला होता, बोडक्या डोक्यानं. समोर दहा हातांवर करवंदीची जाळी. तिच्यात कमरेइतक्या उंचीची काठी रोवून तिच्या टोकाला त्यानं पटका गुंडाळला होता. पानांतनं त्याचा बोटभर भाग दिसत होता. राहीबाई त्याच्याशेजारी टेकली.

"घाला साद," ती हळू म्हणाली.

जोतिबानं पंजे मांड्यांवर आपटले. फडफड झाली. मग तळवे तोंडाशी धरून त्यानं गळा काढला. घळीत साद घुमली. पलीकडच्या उतारावरनं खऱ्या कोंबड्यानं तावातावानं उत्तर दिलं. जोतिबानं पुन्हा साद घातली. पूर्वेला उजाडत होतं. वाऱ्याची एक झुळूक आली आणि जाळीतला पटका जरासा हलला.

धाड! धाड!

खडकाच्या माथ्यावर खडे उडाले. करवंदीचा पाला दोघांच्या अंगावर पडला. पटका काठीसकट मागं कोलमडला. सगळी घळ पाखरांच्या कालव्यानं भरली, आणि त्या कालव्यातनं लालासाहेबांचा आवाज आला, पोराला बक्षीस मिळाल्यासारखा: "लागला! लागला रं! लय मोठा हाय!"

"वा लालासाहेब! नेम म्हणजे नेम!" हे चिंतामणराव.

राहीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. जोतिबाचा हात आपसूक स्वतःच्या डोक्यावर गेला होता. केसांवरनं, कपाळावरनं, डोळ्यांवरनं तो हात फिरवत होता. ते सगळं जागच्या जागी आहे हे त्याला खरं वाटत नव्हतं.

"राहे," तो म्हणाला.

राहीबाई जाळीत शिरली. काट्यांनी हात ओरबाडले, तिला कळलंही नाही. पटका उचलला. घडीघडीतनं छर्रे आरपार गेले होते. एका हाताची पाची बोटं तिनं पाच भोकांतनं बाहेर काढली, तरी भोकं उरली.

लालासाहेब धापा टाकत आले. मागनं नानासो. कोंबडा धरायला हात पुढं करूनच आलेला तो माणूस, समोर राहीबाई बघून जागीच उभा राहिला. तिच्या हाताकडं बघितलं. आणि त्याच्या तोंडनं पहिला शब्द निघाला तो हा:

"पटका!"

"जोतिबाकाका कुठायत?" हे नानासोनं विचारलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

राहीबाईनं दोघांचंही ऐकून घेतलं. "इथं न्हाई बोलायचं," ती म्हणाली. "वाघजाईम्होरं बोलू."

घटकाभरात देवळापुढं सगळं गाव जमलं. पारधीतले पुरुष, पाणवठ्यावरच्या बाया, देवळातले चार म्हातारे, सगळे. दुसऱ्या घळीची पारध अजून व्हायची होती. हाकारे काठ्या टेकून उभे होते. लालासाहेबांनी रस्ताभर जे मनात घोळवलं होतं ते सगळं आता बाहेर काढलं.

"बाईमाणूस पारधीत शिरलं! देवीचा पटका काठीला बांधला! गावाला फसवलं! पिढ्यान्‌पिढ्यांचा पटका, त्याची चाळण झाली बघा! ह्या घराला दंड केल्याबिगर म्या ऱ्हाणार न्हाई!"

चारी म्हातारे उठून उभे राहिले. त्यांतला ज्ञानू गुरव काठी आपटून म्हणाला, "घोर अपराध! देवी कोपणार! गावकी बसवा!"

"बसवा की!" राहीबाईचा आवाज असा काही निघाला की काठी आपटायची थांबली. "बसवा गावकी! फडक्याला भोकं पडली तर चौघं बी उठलासा. गेल्या साली माझ्या दिराच्या डोळ्याला भोक पडलं, तवा कोण उठला हुता? तुमी, ज्ञानूमामा? तवा गुडघं धरलं हुतं का तुमचं? फडकं फाटलं तर दंड, आन माणूस फुटला तर साखरेचा पुडा व्हय?"

केरबा पायरीवर बसला होता. आज वर्षानं पहिल्यांदा लोक त्याच्या तोंडाकडं बघत होते, बाजूला नजर न नेता.

राहीबाईनं पटका दोन्ही हातांनी पसरून धरला. उजेड त्याच्यातनं ठिपक्याठिपक्यांनी आला. "काल ह्याच माणसानं सोप्यावर बसून सांगितलं, नीट बघितल्याबिगर बार टाकला न्हाई आन टाकणार न्हाई. पाव्हणं हुतं, लेक हुता. इचारा. हे बघा ह्यांचं नीट बघणं! आन बार टाकून काय वरडलं ठावं हाय? लय मोठा हाय! व्हय, मोठाच हुता. माझा न्हवरा साडेपाच फूट हाय!"

बायांच्या घोळक्यातनं एकजण फस्सकन हसली आणि तिनं लगेच पदर तोंडाला लावला. जोतिबा मात्र हसला नाही. तो पुढं आला आणि बायकोशेजारी उभा राहिला, बोडक्या डोक्यानं, देवळाच्या दारात.

"अगं पण माणूस न्हवता न्हवं त्यात?" लालासाहेब म्हणाले. आवाज खाली आला होता. "झालं ते झालं. उगं राईचा पर्वत..."

"माणूस न्हवता, कारन मी बसू दिला न्हाई. गेल्या साली बसला हुता. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई, लालासाब. मी बाहेरची हुते, पटक्याला शिवले, म्हणून छर्रा लागला व्हय? आज कोण शिवलं हुतं? पेटीतनं ज्ञानूमामानं काढला, देवीम्होरं ह्यांनी बांधला. मग आज का लागला?"

ज्ञानू गुरव खाली बसला. बाकीचे तिघं उभेच होते, पण आता त्यांना कशासाठी उभं राहिलो ते आठवेना.

"मान मोठा हाय, मला म्हाईत हाय," राहीबाई म्हणाली. तिचा आवाज आता शांत झाला होता आणि तो अधिकच झोंबत होता. "आमच्या घरानं लय भोगला. दुसरी घळ राहिलीया न्हवं अजून? बंदुका भरल्याल्या हायत. मानकऱ्याला देवी राखती. मग आज हा मान मी लालासाबांच्या घराला देते. बांधा पटका. कुणाच्या डोक्याला बांधू?"

सगळ्यांच्या माना लालासाहेबांकडं वळल्या. चिंतामणरावांनी आपली बंदूक हळूच देवळाच्या भिंतीला, बाकीच्या बंदुकांशेजारी टेकवली. लालासाहेब नुसते खाकरले.

तेवढ्यात नानासो पुढं आला. वीस वर्षांचं पोर, ओठावर कालची मिसरूड. राहीबाईपुढं येऊन त्यानं मान वाकवली.

"बांधा, काकी," तो म्हणाला. "मी जातो जाळीत."

राहीबाईच्या हातांत पटका होता. समोर त्या पोराचं काळ्याभोर केसांचं डोकं. एक पळभर तिला सात वर्षांचा केरबा आठवला, असंच डोकं पुढं करून तेल लावून घ्यायचा तो. तिचे हात उचलले गेले नाहीत. पण तिला उचलावे लागलेच नाहीत.

"नगं!"

लालासाहेबांनी झेप घेऊन पोराचं मनगट धरलं होतं. डोक्यावरची टोपी पडली, तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. "नगं, नगं," ते पोराला मागं ओढत म्हणाले. "त्यो न्हाई. त्यो न्हाई जायचा."



"का नगं, लालासाब?" राहीबाईनं विचारलं.

लालासाहेबांनी तिच्याकडं बघितलं.

"देवी राखती न्हवं? आन तुमी तर नीट बघितल्याबिगर बार टाकत न्हाई."

लालासाहेबांनी पोराला आणखी मागं ओढलं. हाकाऱ्यांतल्या एकानं काठी खाली टाकली. मग दुसऱ्यानं. केरबा पायरीवरनं उठला, भिंतीला टेकवलेल्या बंदुका एकेक करून उघडल्या, काडतुसं काढली आणि वाघजाईच्या पायरीवर ओळीनं मांडून ठेवली. पलटणीतल्या माणसाचा हात, जराही चाचपडला नाही. कुणी त्याला अडवलं नाही.

जोतिबानं राहीबाईच्या हातातनं पटका घेतला. उभ्या जन्मात त्यानं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यानं पटक्याची घडी घातली आणि ती ज्ञानू गुरवाच्या हातात दिली. "ठेवा पेटीत," तो म्हणाला. "आमच्या घरातलं डोस्कं ह्याला आता मिळायचं न्हाई. पारध करायचीच असंल तर बंदुकवाल्यानं आधी हा बांधावा, मग बंदूक उचलावी."

राहीबाईनं आपला विळा आणि दोर उचलला. बाया बाजूला सरल्या, तिला वाट दिली. आज त्यांच्यात कुजबुज नव्हती. पायऱ्या उतरून खाली आल्यावर तिनं एकदाच मागं वळून बघितलं. लालासाहेब तिथंच उभे होते, आणि पोराचं मनगट त्यांनी अजून सोडलेलं नव्हतं.